‘नंतर’ आणि ‘मुळे’: माझ्या पहिल्या स्वतंत्र मूल्यमापनाचे आठ महिने

९ फेब्रुवारी २०२४ रोजी संध्याकाळी एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीची कामे पाहणाऱ्या विभागाकडून मला ई-मेल आला. बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात अकरा गावांमध्ये त्यांनी एका स्वयंसेवी संस्थेमार्फत २०१९ ते २०२२ या काळात पाणलोट विकासाचे काम केले होते, त्यावर सुमारे दोन कोटी चाळीस लाख रुपये खर्च झाले होते आणि आता त्या कामाच्या परिणामांचे स्वतंत्र मूल्यमापन त्यांना करून हवे होते. त्याआधी नऊ वर्षे मी इतरांच्या हाताखाली अशा पाहण्यांवर काम केले होते. प्रश्नावल्या तयार केल्या होत्या, आलेली माहिती तपासली होती, तक्ते बनवले होते. मात्र अहवालावर पहिले नाव माझे असेल आणि त्यातील प्रत्येक वाक्याचा जाब मला विचारला जाईल, असे हे पहिलेच काम होते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. या वाटेवर नव्याने येणाऱ्या मुलामुलींचे मला अधूनमधून फोन येतात, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे सगळे क्रमाने लिहीत आहे. कंपनी, संस्था, तालुका आणि गावे यांची नावे देत नाही, कारण तसा करार आहे आणि ते योग्यही आहे.

कंपन्यांना असे मूल्यमापन का करावे लागते, हे आधी सांगते. २२ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित सीएसआर नियमांनुसार, मागील तीन आर्थिक वर्षांत ज्या कंपनीचे सरासरी सीएसआर दायित्व दहा कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिला एक कोटी किंवा त्याहून अधिक खर्चाच्या आणि पूर्ण होऊन किमान एक वर्ष उलटलेल्या प्रकल्पांचे मूल्यमापन स्वतंत्र यंत्रणेकडून करून घ्यावे लागते. हा अहवाल संचालक मंडळापुढे ठेवावा लागतो आणि सीएसआरच्या वार्षिक अहवालाला जोडावा लागतो. सप्टेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कामाचा खर्च त्या वर्षीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या दोन टक्के किंवा पन्नास लाख रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्या मर्यादेत सीएसआर खर्च म्हणून दाखवता येतो. प्रस्ताव पाठवण्याआधी हे नियम मूळ शब्दांत वाचून ठेवावेत. ‘हे मूल्यमापन तुम्हाला कशासाठी हवे आहे?’ या माझ्या पहिल्या प्रश्नाला फोनवर ‘नियम आहे म्हणून’ असे प्रामाणिक उत्तर आले, आणि त्या प्रामाणिकपणामुळे पुढचे बोलणे सोपे झाले. मी दुसरा प्रश्न विचारला, की हा अहवाल वाचून तुमच्या कार्यालयात नेमका कोणता निर्णय बदलू शकेल. यावर दोन दिवसांनी उत्तर आले. शेजारच्या तालुक्यात असेच काम पुन्हा सुरू करायचे का आणि करायचे तर कशा रीतीने, हे त्यांना २०२५ च्या उन्हाळ्यापूर्वी ठरवायचे होते. मला जे हवे होते ते यातून मिळाले. मूल्यमापन कोणाच्या कोणत्या उपयोगासाठी आहे हे आधी ठरवावे, असे मायकल क्विन पॅटन हे अमेरिकन अभ्यासक १९७८ पासून सांगत आले आहेत. वाचताना ते साधे वाटते, पण प्रश्नावलीतील निम्मे प्रश्न गाळायला मला त्याचीच मदत झाली.

१९ फेब्रुवारीला मी ६,४०,००० रुपये अधिक अठरा टक्के जीएसटी असा प्रस्ताव पाठवला. करार ११ मार्चला झाला. मधले तीन आठवडे कलमांवर गेले आणि ते वाया गेले असे मला वाटत नाही. मूळ मसुद्यात ‘अहवाल कंपनीने मान्य केल्यानंतर’ शेवटचा पन्नास टक्के हप्ता मिळेल, असे लिहिले होते. मी ते बदलून ‘ठरलेल्या कार्यकक्षेप्रमाणे अहवाल सादर केल्यानंतर’ असे करून घेतले. मान्यता निष्कर्षांना आहे की कामाच्या पूर्ततेला, हा फरक कागदावर आधीच असला पाहिजे, कारण नंतर पैसे अडकलेले असताना तो मांडण्याचे धैर्य राहत नाही. दुसरे कलम असे घातले, की मसुद्यावरील हरकती पंधरा दिवसांत लेखी द्याव्यात, त्या तथ्यांच्या चुकांबद्दल असाव्यात आणि प्रत्येक हरकतीवर मी काय केले याचा तक्ता अहवालाला जोडला जावा. उद्यम नोंदणी मी त्याच आठवड्यात केली. ती विनामूल्य होते आणि नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे देयक जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते करणे कायद्याने बंधनकारक आहे. देयकातून दहा टक्के टीडीएस कापला जातो, हे हातातील रोख रकमेचे गणित मांडताना विसरू नये.

१२ मार्चपासून मी कागद वाचायला बसले. प्रकल्पाच्या समाप्ती अहवालात पहिल्याच पानावर, ‘प्रकल्पामुळे विहिरींच्या पाणीपातळीत लक्षणीय वाढ’, असे ठळक अक्षरांत छापलेले होते. सोबतची नोंदवही मागवून घेतली, तेव्हा दिसले की पहिली मोजणी मे २०१९ मधील होती आणि दुसरी डिसेंबर २०२१ मधील. मी बराच वेळ त्या दोन तारखांकडे पाहत राहिले. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता आणि हा तालुका त्या यादीत होता. म्हणजे पहिली मोजणी दुष्काळी वर्षाच्या ऐन उन्हाळ्यात झाली होती. २०२१ मध्ये मराठवाड्यात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अतिवृष्टी झाली होती आणि दुसरी मोजणी त्यानंतर दोनच महिन्यांनी झाली होती. एकही दगड न हलवता त्या विहिरींचे पाणी वर आले असते. यात कोणी खोटेपणा केला होता असे मला तेव्हाही वाटले नाही. आकडे खरे होते, पण दोन वेगळ्या ऋतूंतील दोन वेगळी वर्षे एकमेकांशेजारी ठेवली होती आणि मधला ‘मुळे’ हा शब्द त्या आकड्यांना पेलणारा नव्हता.

मूल्यमापन करणाऱ्याच्या विचाराची मुळाक्षरे म्हणावीत असे तीन प्रश्न आहेत. काय बदलले? हे काम झाले नसते तर काय बदलले असते? आणि जे बदलले ते कोणासाठी बदलले? यातील दुसरा प्रश्न सर्वांत अवघड, कारण न घडलेली गोष्ट मोजता येत नाही, तिच्या जवळपास जाईल असे काहीतरी शोधावे लागते. महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची धनंजयराव गाडगीळ यांनी केलेली पाहणी पुण्याच्या गोखले संस्थेने १९४८ मध्ये प्रसिद्ध केली होती, आणि सिंचनाचा फायदा शेताच्या बांधापलीकडे कुठवर जातो हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. माझ्यासमोरची अडचण अशी होती, की ज्या गावांत काहीच काम झालेले नाही अशी गावे तुलनेसाठी मिळेनात. जलयुक्त शिवार, रोजगार हमीची कामे, पानी फाउंडेशनची स्पर्धा, कृषी विभागाची शेततळी, यांपैकी काही ना काही प्रत्येक शिवारात होते. शेवटी त्याच महसूल मंडळांतील, जमिनीचा उतार आणि मातीची जात साधारण सारखी असलेली पाच गावे निवडली आणि ती ‘कामे न झालेली गावे’ नसून ‘हा प्रकल्प न झालेली गावे’ आहेत, असे अहवालात स्पष्ट लिहायचे ठरवले. त्यामुळे सगळे श्रेय एका प्रकल्पाला देता येणार नव्हते, त्याचा वाटा किती हे तेवढे पाहता येणार होते. ‘श्रेय’ आणि ‘वाटा’ हे दोन शब्द मी तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

एका बाबतीत मात्र परिस्थितीने हात दिला, आणि हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण ती परिस्थिती लोकांच्या हालांची होती. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला होता आणि ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत हा तालुका पुन्हा होता. म्हणजे मे २०२४ मध्ये विहिरी मोजल्या, तर दुष्काळानंतरच्या मे महिन्याची तुलना दुष्काळानंतरच्याच मे महिन्याशी करता येणार होती. दोन्ही वर्षांचा पाऊस अगदी सारखा नव्हता. मंडळनिहाय पर्जन्यमानाचे आकडे मी कृषी विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतले होते. तरीही डिसेंबरशी मे ताडून पाहण्यापेक्षा ही तुलना कितीतरी न्याय्य होती. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा वर्षातून चार वेळा मोजल्या जातात. त्यांच्या मागील नोंदींसाठी मी लेखी अर्ज केला आणि एकोणीस दिवसांनी नोंदी मिळाल्या. अर्जात गावांची यादी, नेमके महिने, वर्षे आणि कंपनीचे अधिकारपत्र जोडले, तर दुसरी फेरी वाचते.

१६ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली, आणि हा विचार माझ्या वेळापत्रकात अजिबात नव्हता. बीडचे मतदान १३ मे रोजी होते. गावात वही घेऊन घरोघर फिरणाऱ्या माणसांकडे लोक संशयाने पाहू लागले होते आणि ज्यांच्याशी बोलायचे ते ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक निवडणुकीच्या कामात अडकले होते. मी तहसील कार्यालयात पाहणीची माहिती देणारे पत्र देऊन पोच घेतली, सरपंचांना प्रत दिली आणि प्रत्येक सर्वेक्षकाकडे तिची छायाप्रत ठेवली. तीन गावांत ती दाखवावी लागली. पोचेचा शिक्का असलेला एक कागद अनोळखी गावात किती आधार देतो, याचा अनुभव तेव्हा आला.

पाडवा ९ एप्रिलला होता, म्हणून प्रशिक्षण १० ते १२ एप्रिल असे ठेवले. सहा सर्वेक्षक होते, तीन मुली आणि तीन मुले, सगळे त्याच भागातील कृषी पदविकाधारक. रोज ९०० रुपये मानधन, प्रशिक्षणाच्या दिवसांचे ५००. माहिती भरण्यासाठी कोबो टूलबॉक्स हे विनामूल्य साधन त्यांच्याच मोबाइलवर घातले. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी सरावासाठी जवळच्या एका वस्तीवर गेलो आणि माझी प्रश्नावली तिथेच मोडीत निघाली. ‘प्रकल्पामुळे तुमच्या विहिरीचे पाणी वाढले का?’ या प्रश्नाला प्रत्येक घरातून ‘हो’ असे उत्तर आले. ज्या घराला विहीरच नव्हती, तिथूनही ‘हो’ आले. पाहुण्याला नाही कसे म्हणायचे, आणि नाही म्हटले तर पुढचे काम आपल्या गावाला मिळणार नाही, ही भीतीही त्या ‘हो’मध्ये होती. सर्वेक्षकांपैकी एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्या घरी पाण्याचं कोणी महिन्यावर सांगत नाही, सणावर सांगतात.” तिचे म्हणणे ऐकून त्या रात्री आम्ही प्रश्न बदलले. मागच्या वर्षी विहिरीला पाणी कुठवर होते: दिवाळी, येळवस (वेळ अमावस्या), संक्रांत, शिमगा की पाडवा? सकाळी मोटार लावली तर किती वेळात विहीर उपसते? पुन्हा भरायला किती तास लागतात? रब्बीला किती रान भिजवले आणि काय पेरले? प्रकल्पाचे नाव प्रश्नावलीच्या अगदी शेवटी ठेवले. ‘येळवशीपर्यंत दोन तास मोटार चालायची, आता शिमग्यापर्यंत चालते’ हे वाक्य पाणीपातळीच्या फुटांपेक्षा मला अधिक विश्वासार्ह वाटते, कारण त्यावर त्या माणसाचा हरभरा अवलंबून असतो.

१५ एप्रिल ते ४ मे या काळात, रामनवमी आणि १ मे वगळून, अठरा दिवसांत ४८० कुटुंबांच्या मुलाखती झाल्या: प्रकल्पाच्या प्रत्येक गावात ३० आणि तुलनेच्या गावांतही प्रत्येकी ३०. सकाळी साडेसहा ते साडेदहा आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढेच तास कामाचे होते. गाडीला दिवसाला २,८०० रुपये पडत होते. रोज रात्री मी आलेल्या माहितीतून दहावा भाग पुन्हा तपासत असे आणि शंका आली तर दुसऱ्या दिवशी त्या घरी स्वतः जात असे. अशा एका घरी साठीच्या पुढच्या एक बाई भेटल्या. सर्वेक्षकाने त्यांच्या उत्तरात ‘लाभ नाही’ असे लिहिले होते. त्यांनी मला हाताला धरून घरामागे नेले, दूरवरचा नाला दाखवला आणि म्हणाल्या, “ताई, पाणी आलं हे खरं हाय. पर ते नाल्याकडंच्या रानात आलं. आमचं रान हे असं माळावर. लाभ न्हाई असं बी म्हणू नका, प्यायच्या पाण्याची हीर औंदा पाडव्यापस्तोर टिकली.” एका वाक्यात त्यांनी माझा तिसरा प्रश्न सोडवला होता आणि माझ्या प्रश्नावलीत प्यायच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीसाठी जागाच नव्हती, हेही दाखवून दिले होते. मी दुसऱ्या दिवसापासून ती जोडली आणि आधी झालेल्या गावांत महिलांच्या गटचर्चा पुन्हा घेतल्या. त्यात चार दिवस आणि सुमारे चौदा हजार रुपये जास्तीचे गेले. अंदाजपत्रकात अशा दुरुस्तीसाठी निदान दहा टक्के रक्कम राखून ठेवावी, मी ती ठेवली नव्हती.

मतदान उरकल्यावर १६ ते २५ मे या काळात विहिरी मोजल्या. मे २०१९ च्या नोंदवहीत ६२ विहिरी होत्या. त्यांतील नऊ ओळखता आल्या नाहीत, कारण नोंदीत फक्त मालकाचे आडनाव होते. तेरा विहिरी मधल्या काळात आणखी खोल केल्या होत्या किंवा त्यांत आडवे बोअर मारले होते, म्हणून त्या तुलनेतून बाजूला काढल्या. उरलेल्या ४० विहिरींच्या काठावर, वजन बांधलेली मोजपट्टी आत सोडून, पहाटे मोटारी सुरू होण्यापूर्वी आम्ही पाणी मोजले. तेवीस विहिरींत मे २०१९ पेक्षा पाणी वर होते, बारा विहिरींत एका फुटाच्या आतला फरक होता, पाच विहिरींत पाणी खाली गेले होते. वर आलेल्या विहिरींपैकी बहुतेक नाल्यापासून साधारण दोनशे मीटरच्या आत होत्या. पंधराव्या विहिरीनंतर हे चित्र दिसू लागले, तेव्हा मला फार आनंद झाला होता. हे काम खोटे नाही, एवढे तरी आता पुराव्यानिशी लिहिता येईल, असे वाटले. मूल्यमापन करणारा माणूस चुका शोधायला येतो असा समज आहे, पण चांगले सापडावे अशी ओढ त्यालाही असते, आणि त्या ओढीपासून स्वतःला जपावे लागते. म्हणून त्याच रात्री मी निरीक्षण विहिरींचे आकडे उघडले. परिसरातील, प्रकल्पाबाहेरच्या विहिरींतही मे २०२४ चे पाणी मे २०१९ पेक्षा थोडे वर होते. म्हणजे वाढीचा काही भाग पावसाचाच होता.

जून आणि जुलै विश्लेषणात गेले. पाणी वाढले तेथे नवे बोअर आणि मोटारीही वाढल्या होत्या, कांद्याचे रान वाढले होते, त्यामुळे नुसती पातळी पाहिली तर उपसलेले पाणी हिशेबात येत नाही, हे मुलाखतींतील मोटारीच्या तासांमुळे लक्षात आले. पंचायत समितीतील टँकरच्या नोंदींवरून त्या बाईंचे सार्वजनिक विहिरीबद्दलचे म्हणणे चार गावांत पडताळता आले. सर्वांत वाईट वाटले ते सिमेंट नाला बांधांबद्दल. बरेचसे गाळाने भरत आले होते, आणि ते ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित केल्याचा कागद अकरापैकी दोनच गावांत सापडला. गाळ कोणी काढायचा, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हते.

कंपनीच्या नमुन्यात प्रस्तुतता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, परिणाम आणि शाश्वतता या सहा निकषांवर पाचपैकी गुण द्यायचे होते. हे निकष आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या विकास साहाय्य समितीचे आहेत. पाच १९९१ पासूनचे, आणि सुसंगती २०१९ मध्ये जोडलेला. विचार करायला ते उत्तम आहेत, परंतु शाश्वततेला ‘दोन’ गुण दिल्याने गाळ कोण काढणार हे कोणाला कळत नाही. मी गुणांच्या रकान्यात प्रत्येकी दोन वाक्ये लिहिली आणि तसे का केले याचे पत्र जोडले. कंपनीने ते स्वीकारले.

अहवाल इंग्रजीत द्यायचा होता. तीन दिवस पहिले पान जमेना. मग मी आधी गावासाठी मराठीत दोन पाने लिहायला घेतली, आणि तिथे वाट सापडली. इंग्रजीत एक मोघम क्रियापद वापरून जे लपवता येते, ते मराठीत लपत नाही. ‘कामांनंतर पाणी वाढले’ किंवा ‘कामांमुळे पाणी वाढले’, यांपैकी एक लिहावेच लागते. म्हणून प्रत्येक निष्कर्षासमोर मी स्वतःला विचारले, की इथे ‘नंतर’ लिहायचे की ‘मुळे’, आणि ‘मुळे’ लिहायचे तर कशाच्या बळावर. शेवटी मुख्य वाक्य असे झाले: ‘दुष्काळी वर्षांतील मे महिन्यांची तुलना केल्यास नाल्यालगतच्या बहुतेक विहिरींत पाणी वाढलेले आढळते, या वाढीत पावसाचा भाग आहे, तसेच प्रकल्पातील कामांचा वाटाही आहे, नाल्यापासून दूरच्या शेतांना असा लाभ झाल्याचा पुरावा मिळाला नाही.’ आता मी प्रत्येक काम याच क्रमाने करते, आधी मराठी दोन पाने आणि मग अहवाल.

२२ जुलैला मसुदा पाठवला. पंधरा दिवसांऐवजी चोवीस दिवसांनी हरकती आल्या. २१ ऑगस्टच्या बैठकीत जनसंपर्क विभागाने एकच मागणी केली: वार्षिक अहवालासाठी ‘पाणीपातळीत इतक्या फुटांची वाढ’ असा एक आकडा द्या. माझे हात थंड पडले होते, आवाजही थोडा कापत असावा. मी डिसेंबर आणि मे यांतला फरक एका कागदावर काढून दाखवला आणि म्हटले, की तुम्ही पुढच्या तालुक्यात दूरच्या शेतांना पाणी मिळेल या भरवशावर पैसे घालाल, तर या एका आकड्याने तुमचीच दिशाभूल होईल. बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर सीएसआर विभागाच्या प्रमुख बाईंनी विचारले, “मग चाळीसपैकी तेवीस, एवढे तरी लिहिता येईल ना?” मी म्हटले, लिहिता येईल, पण उरलेल्या सतरासह. तसेच छापले गेले.

अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेच्या संचालकांची भेट अधिक कठीण गेली. ते दुखावले होते. “मॅडम, तीन वर्षं आम्ही त्या उन्हात काढली, करोनाच्या काळातही काम थांबू दिलं नाही, आणि तुम्ही गाळाचं लिहिलंत,” असे ते म्हणाले. मी वाद घातला नाही. त्यांनी त्यांच्या फायली काढल्या, आणि त्यांतून मला माझ्या मसुद्यातील एक उणीव कळली. डिसेंबर २०२१ मध्ये मोजणी करण्याचे कारण असे होते, की समाप्ती अहवाल आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी हवा होता आणि मे २०२२ पर्यंत थांबण्याची मुभा त्यांना नव्हती. देखभालीसाठी निधी त्यांनी मागितला होता, मंजूर झाला नव्हता. ही दोन्ही पत्रे मी अहवालात जोडली आणि शिफारस बदलली: पुढील प्रकल्पात अखेरची मोजणी उन्हाळ्यात व्हावी, तिच्यासाठी मुदत असावी आणि गाळ काढण्याचा निधी पहिल्या दिवसापासून ठरलेला असावा. मसुदा संबंधितांना कंपनीच्या आधी किंवा निदान बरोबरीने दाखवावा. मी तसे केले नव्हते, त्याची मला अजून खंत आहे.

अंतिम अहवाल १२ सप्टेंबरला दिला. एकूण खर्च तीन लाख दहा हजार धरला होता, तो तीन लाख सत्तर हजारांवर गेला. शेवटचा हप्ता एकेचाळीसाव्या दिवशी जमा झाला.

त्याआधी, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एका गावात निष्कर्ष सांगायचे ठरले होते. विषयपत्रिकेवर विषय यावा म्हणून पंधरा दिवस आधी सरपंचांना पत्र दिले होते. त्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती, घरोघरी पानं वाढून होईपर्यंत दुपारचे दोन वाजले, तरी माणसे आली. सप्टेंबरमध्ये मुसळधार पाऊस होऊन गेला होता. मी मराठी दोन पाने वाचून दाखवली आणि नाल्यालगतच्या व दूरच्या विहिरींचा नकाशा भिंतीवर लावला. एक आबा उभे राहिले. “ताई, आमच्या समद्या हिरी आता तुडुंब हायेत. माळावरची बी. अन् तुम्ही म्हणता तिकडं पाणी न्हाई.” मी त्यांना विचारले, की मागच्या मे महिन्यात ती विहीर कशी होती. ते थोडे थांबले आणि म्हणाले, “तवा तळ दिसत हुता.” मागे बसलेल्या बायकांमधून कोणीतरी म्हणाले, “मंग तवाच मोजाया पायजे की.” त्यावर सभेत बराच वेळ बोलणे झाले, माझ्याशिवाय. गाळ काढण्याचा ठराव त्या दिवशी झाला नाही, पुढच्या सभेवर गेला.

निघताना मोजपट्टी मी तिथल्या दोन मुलांकडे ठेवली आणि विहिरीच्या काठावर कुठे खूण करायची, पट्टी कशी सोडायची, ओला भाग कसा वाचायचा, हे त्यांच्याकडून दोनदा करवून घेतले. शंभर पानी वहीत दहा विहिरींची नावे, गट क्रमांकासह, त्यांनीच लिहिली. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर असे चार रकाने आखले आणि ऑक्टोबरच्या रकान्यात त्याच संध्याकाळी पहिली नोंद झाली.